साक्षीदाराची तालीम

कोर्टात मी तेहतीस वर्षं टंकलेखिका होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, न्यायाधीश ते ऐकून आपल्या शब्दांत मला सांगायचे आणि मी ते कागदावर उतरवायचे. यात एक गंमत आहे. वकिलाचा प्रश्न कागदावर येतच नाही. वकील विचारतो, त्या दिवशी तुम्ही प्यायला होता ना? साक्षीदार नाही म्हणतो, आणि कागदावर येतं, "मी त्या दिवशी मद्यप्राशन केले होते हे म्हणणे खरे नाही." वाचणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ सकाळी अंघोळ करून आला आणि कुणी न विचारताच सांगत सुटला. अशी हजारो वाक्यं मी बडवली. त्यामुळे खरं कोण आणि खोटं कोण हे मला चटकन कळत असेल, असं नातेवाइकांना वाटतं. मला काही कळत नाही. कोण भरभर बोलतं आणि कोण सावकाश, एवढंच कळतं, कारण बोटं माझी दुखतात.

तालीमबाई हे नाव तिला वकिलांच्या खोलीतल्या टवाळ मंडळींनी दिलं. ते इतकं चिकटलं की एकदा न्यायाधीशांच्याही तोंडून निघता निघता राहिलं. ती आमच्याकडच्या सगळ्यात नावाजलेल्या वकिलाची ज्युनिअर होती. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. त्यांच्या ऑफिसात एक मागची खोली होती. भिंतीला फायलींची कपाटं, वर बंद पडलेला पंखा आणि मधोमध पाठ पुढे करून ठेवलेली एक खुर्ची. ती खुर्ची म्हणजे पिंजरा. साहेबांचा साक्षीदार साक्षीच्या आधी तिथे उभा राहून खुर्चीची पाठ घट्ट धरायचा आणि तालीमबाई समोरच्या बाजूची वकील होऊन त्याला फैलावर घ्यायची. बाहेरच्याने मारण्याआधी घरच्याने मारून पाहायचं, असा तो प्रकार होता.

आणि ती मारायची छान. एका दांडगट ठेकेदाराला तिने पाऊण तासात असं रडकुंडीला आणलं की तो बाहेर येऊन साहेबांना म्हणाला, आपण तडजोडच करून टाकू या का? साहेब खूश झाले. खूश झाले म्हणजे तिला दुसऱ्या दिवशी आणखी दोन साक्षीदार दिले.

तिची सगळी विद्या साहेबांचीच होती. उलटतपासणीचा त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी वय, मग डोळे, मग राग, मग वेळ आणि शेवटी मूळ मुद्दा. एक प्रश्न झाला की हातातल्या कागदांचं पान उलटायचं, मग पान कोरं का असेना. समोरच्याला वाटतं, यांच्याकडे बरंच लिहून आणलेलं दिसतंय. तीही तशीच पानं उलटायची. मागच्या खोलीत अकरा वर्षं तिने पानं उलटली.

कोर्टात मात्र अकरा वर्षांत ती एकदाही उभी राहिली नाही. उभी म्हणजे तशी ती दिवसभर उभीच असायची, साहेबांच्या मागे, फायली छातीशी धरून. पण "मी या बाजूने हजर आहे" असं म्हणून उभी राहिली नाही. साहेब म्हणत, तुझा आवाज बारीक आहे, खोलीत चालतो, कोर्टात पोचायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी डबा उघडायची. तिथे तिचा आवाज चांगला दोन खोल्या ओलांडून जायचा. साहेबांना शिव्या देताना तर तिसऱ्या खोलीतल्या कारकुनालाही कान बंद करावे लागत.

तिचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर एक दिवस ते मुलीचं काम बघायला कोर्टात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सकाळी अकरापासून मागच्या बाकावर बसले. मुलीने सहा वेळा फाईल पुढे केली आणि दोनदा खाली पडलेला कागद उचलला. संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं, तुझा नंबर कधी लागतो? ती म्हणाली, लागला की, ते सगळे कागद मीच शोधले होते. त्यांनी मान डोलावली. ही हकीगत मला सांगताना ती हसत होती, आणि मग हसता हसता तिने डब्याचं झाकण असं आदळलं की माझी शाईची बाटली हादरली.

महिनाभरात तिने साहेबांना रामराम ठोकला. साहेब रागावले नाहीत. जा, म्हणाले, मागची खोली कुठे पळून जात नाही, परत यायला लाजू नकोस.

झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन तिने पाटी लावली. पहिलं वर्ष भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं करण्यात गेलं. मग तिच्याकडे तो शिंपी आला.

शिंप्याची बायको एका कारखान्यात खोकी भरायची. दुपारी साडेतीनला गोदामाला आग लागली. बाकीच्या बायका पुढच्या दाराने निसटल्या. ही मागच्या दाराजवळ काम करत होती, ती त्या दाराकडे धावली आणि तिथेच सापडली. कारखान्याचं म्हणणं, दार उघडंच होतं, बाई पिशवी घ्यायला परत आत गेली. शिंप्याचं म्हणणं, दाराला बाहेरून कुलूप होतं. शिंप्याने कारखान्याच्या मालकावर दावा लावला, आणि हा पूर्ण दावा एका माणसाच्या तोंडावर उभा होता. तो म्हणजे कारखान्याचा पहारेकरी. मागच्या दाराची किल्ली त्याच्या खोलीत हुकाला असायची. बायका चहाला बाहेर सटकतात म्हणून सुपरवायझरने त्या दिवशी दोन वाजता ती किल्ली नेली आणि कुलूप घातलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आगीनंतर त्याने ते मोठ्याने बोलून दाखवलं आणि आठवडाभरात त्याची नोकरी गेली.

कारखान्यातर्फे उभे राहिले मोठे साहेब.

तालीमबाई आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, मी त्या माणसाला आतून-बाहेरून ओळखते. तो कुठला प्रश्न कितवा विचारणार ते झोपेत सांगेन." ते खरंही होतं. फक्त ही ओळख दोन्ही बाजूंनी असते, हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

पहारेकरी बासष्ट वर्षांचा, चौथीपर्यंत शिकलेला आणि उभ्या जन्मात कोर्टाची पायरी न चढलेला माणूस. पहिल्यांदा तिच्याकडे आला तेव्हा त्याने सगळं आपल्या पद्धतीने सांगितलं. सुरुवात केली ती तुटलेल्या चपलेपासून. मग चपलेला खिळा मारत असताना सुपरवायझर आला, तो काय बोलला, त्याला खोकला कसा झाला होता, घंटा झाली, किल्ली गेली, परत चप्पल. शिंप्याच्या बायकोपाशी आला तेव्हा गडी रडायला लागला. हे सगळं मला तिनेच सांगितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाली, असं बोलला तर साहेब त्याला दहा मिनिटांत सोलून ठेवतील.

म्हणून तिने त्याला घडवायला घेतलं. चप्पल काढली, खोकला काढला, रडणं काढलं. खोलीत एक खुर्ची उलटी ठेवली आणि रोज सकाळी, तीन आठवडे, साहेबांच्या क्रमाने, साहेबांच्या आवाजात, पान उलटत ती त्याला विचारत राहिली. वय? बासष्ट. डोळे? चष्मा मला फक्त वाचायला लागतो, लांबचं स्पष्ट दिसतं. राग? राग असता तर आधीच तक्रार केली असती. म्हाताऱ्याला यात भलताच हुरूप आला. शाळेत कधी पाठांतर जमलं नव्हतं, ते आता जमत होतं. तिच्यासोबत तारखेला कोर्टात आला की बाहेरच्या बाकावर बसून ओठ हलवत उत्तरं घोकायचा. जाता-येता मी ते ऐकत होते. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण मला वाटलं, हे तिचं काम आहे आणि ती या कामात माझ्यापेक्षा हुशार आहे.

साक्षीच्या दिवशी तिचे वडील पुन्हा मागच्या बाकावर होते, त्याच शर्टात. ती उभी राहिली, हजर असल्याचं म्हणाली आणि आवाज अगदी व्यवस्थित पोचला. तिच्या प्रश्नांना पहारेकऱ्याने एकही शब्द न चुकता उत्तरं दिली. मी भराभर टंकत होते. बरं चाललंय असं मलाही वाटलं.

मग मोठे साहेब उठले. त्यांनी वय विचारलं. तो बासष्ट म्हणाला. साहेबांनी पान उलटलं आणि विचारलं, "तुम्हाला कामावरून काढलं ना?"

"चष्मा मला फक्त वाचायला लागतो," पहारेकरी म्हणाला. "लांबचं स्पष्ट दिसतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली. साहेब अगदी मायेने म्हणाले, काका, मी नोकरीचं विचारतोय. पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने रागाचं उत्तर देऊन टाकलं. साहेबांनी मान डोलावली आणि काहीही न विचारता नुसतं पान उलटलं.

"दोन वाजता," पहारेकरी म्हणाला. "जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली होती."

"मी अजून काही विचारलं नाही, काका."

आता सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. साहेब थांबले असते तरी काम झालं होतं. ते थांबले नाहीत. त्यांनी आणखी चार वेळा पान उलटलं, आणि चार वेळा तो भला माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर देत राहिला. किल्ली, हूक, सुपरवायझर, कुलूप. प्रत्येक उत्तरागणिक हसू वाढत गेलं. तालीमबाई अर्धवट उठली होती, पण तिला हरकत घेता येईना. प्रश्नच नव्हता, तर हरकत कशाला घेणार?

शेवटी साहेबांनी कागद खाली ठेवले आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

हा प्रश्न मागच्या खोलीत कधीच विचारला जात नसे. पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पाठ न केलेला प्रश्न आला की पोरं मास्तरांकडे बघतात, तसं. न्यायाधीशांनी मला सांगितलं आणि मी टंकलं, "साक्षीदार वादीच्या वकिलांकडे पाहतो. उत्तर देत नाही." तेहतीस वर्षांत साक्षीदाराने कुणाकडे पाहिलं हे मी फार तर चार-पाच वेळा टंकलं असेन.

बाहेर आल्यावर तिचे वडील म्हणाले, आवाज छान पोचत होता, अगदी शेवटपर्यंत.

दावा फेटाळला गेला. दार उघडं होतं असं कोर्टाने धरलं. वर, खोटी साक्ष दिल्याबद्दल कारवाई का करू नये, अशी नोटीस पहारेकऱ्याला निघाली. न्यायाधीशांनी एक गोष्ट मात्र तोंडी बजावली. साक्षीदाराला पढवणारं कुणी असेल तर त्या व्यक्तीलाही कोर्ट सोडणार नाही.

म्हणजे आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. तिने उभं राहून सांगायचं की पढवलं मी, पण मजकूर त्याचाच होता आणि खरा होता. मग त्याची सुटका होण्याची आशा होती, शिंप्याच्या अपिलात जीव राहिला असता आणि तिची वकिलीची सनद गेली असती. किंवा तिने गप्प बसायचं.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या बोलण्यात विजयाचा मागमूस नव्हता, उलट काळजी होती असं ती म्हणाली. पुढची खोली देतो, म्हणाले. तुझ्या नावाने केस चालव, तू उभी राहा. फक्त हे प्रकरण नीट मिटव. मग त्यांनी जे म्हटलं ते तिने मला शब्दन् शब्द सांगितलं: "तू खरं बोललीस तर तुझी सनद जाते. तो खोटं बोलला तर त्याचं काय जातं? नोकरी आधीच गेली आहे."

मी म्हटलं, आणि तू काय ठरवलंस? ती म्हणाली, ताई, माझी अकरा वर्षं गेली आहेत. मी म्हटलं, शिंप्याची बायको गेली आहे. त्यावर ती डबा न उघडताच उठून गेली. त्यानंतर ती माझ्या टेबलाशी कधी जेवली नाही.

नोटिशीच्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात निकालाची प्रत द्यायला मी तिच्या खोलीवर गेले. दार लोटलेलं होतं. आत पहारेकरी उभा होता, पण या वेळी खुर्ची नव्हती. माझी चाहूल त्यांना लागली नाही आणि मी हलले नाही. म्हातारा तिला समजावत होता की मागच्या वेळी चूक त्याचीच झाली, बाईंची नाही.

"क्रम चुकला माझा," तो म्हणाला. "या वेळी म्हणायचं काय तेवढं सांगा, बाई. मी पाठ करतो."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. आता ती नाही म्हणेल असं मला वाटलं, खरंच वाटलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. मला कुणी शिकवलं नाही. नोकरी गेल्याचा राग होता. घरी बसून मीच सगळं रचलं. दार उघडं होतं की बंद, मी पाहिलेलं नाही.

"पण मी पाहिलंय," म्हातारा म्हणाला. भांडत नव्हता, फक्त आठवण करून देत होता.

"माहीत आहे, काका. पण असं म्हटलंत तर तुरुंग टळेल."

आणि मग ती कामाला लागली. मागच्या चुकीतून ती शिकली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. या वेळी तिने त्याला एकही उत्तर पाठ करू दिलं नाही. अडखळा, म्हणाली. मधेच थांबा. रागाचं सांगताना खाली बघा. चप्पल तुटली होती तेही सांगा, चालेल. रडू आलं तर येऊ द्या. "पाहिलं नाही" हे म्हणून झालं की मग पाणी मागा. मी प्रत दारापाशी ठेवली आणि जिना उतरले. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिची सनद गेली असती, आणि इतकी वर्षं जिच्या डब्यातली भाजी खाल्ली तिच्या पोटावर पाय द्यायला मला जमलं नाही. हे कारण मी स्वतःला आजही देते. ते मला पटत नाही.

सुनावणीला शिंपी आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्यासाठी या माणसाने एवढं सोसलं, तर निदान त्याच्या मागे बसावं, म्हणून दुकान बंद करून आला होता.

पहारेकऱ्याने सांगितलं. चपलेपासून सुरुवात केली. अडखळला, थांबला, नोकरी गेल्याचं सांगताना खाली पाहिलं, आवाज फुटला तसं पाणी मागितलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्याच न्यायाधीशांनी, ज्यांनी रुमाल तोंडाला लावला होता, त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला सावकाश सांगितलं, "मागचे दार बंद असल्याचे मी पाहिले नव्हते. मी रागाच्या भरात खोटे सांगितले." मी टंकलं. त्यांना ते पटलं होतं. मला सगळं ठाऊक असूनही क्षणभर पटलं होतं, इतका तो माणूस खरा वाटत होता.

वय आणि पश्चात्ताप बघून न्यायाधीशांनी कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. म्हणजे कोपऱ्यातल्या बाकावर पाच वाजेपर्यंत बसायचं आणि घरी जायचं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिंपी उठला. त्याला बाहेर जायला त्या बाकावरूनच जावं लागत होतं. तो पहारेकऱ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "मग दार उघडं असून ती का नाही आली बाहेर?"

पहारेकऱ्याने तोंड उघडलं आणि तालीमबाईकडे पाहिलं. ती पुढच्या केसचे कागद लावत होती; केस साहेबांच्या ऑफिसची, पण तिच्या नावावर. शिंपी निघून गेला. अपील त्याने केलं नाही.

पाच वाजता कोर्ट उठलं. तालीमबाई फायली गोळा करून बाकाजवळून जाऊ लागली, तेव्हा म्हातारा उभा राहिला. दिवसभर बसून त्याचे पाय सुजले होते.

"बाई," त्याने विचारलं, "या वेळी जमलं ना?"

ती थांबली. मला वाटलं, आता तरी ती त्याचा हात धरेल.

"जमलं," ती म्हणाली. "पाणी फक्त एक वाक्य आधी मागितलंत."